नसलेली चुलत आजी

मला लग्नं जमवायची खोड होती. होती म्हणतो, कारण आता ती मोडली, आणि कशी मोडली तेच सांगायला बसलोय. आखाडा बाळापूरला रस्त्याच्या कडेला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पीकविम्याचे फॉर्म, जातीचे दाखले, शाळेचे अर्ज, आणि लग्नाचे बायोडाटा. बायोडाटा करायला आलेल्या माणसाच्या हातात नुसता कागद छापून देणं माझ्याच्यानं कधी झालं नाही. पोरगं समोर बसलं की डोक्यात लगेच कुठली तरी पोरगी उभी राहायची. मग फोन करायचे, इकडचे कागद तिकडं पाठवायचे. कुणाचं कूळ काय, आजोळ कुठलं, मावशी कुठल्या गावाला दिली, सगळं तोंडपाठ. ह्याच्या हातून जमलेली सोयरीक बिनघोर, असं लोक म्हणायचे. मला त्याचा लई गर्व होता, खोटं कशाला बोलू.

माझा सगळ्यात जवळचा दोस्त माझ्याच गावचा. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो. पुढं त्यानं शेती धरली, मी दुकान टाकलं, तरी दोन दिवसांत एकदा भेट झाली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. तिशी ओलांडली तरी हा गडी लग्नाचं नाव काढत नव्हता. म्हणायचा, बोअर होऊ दे, घरावर स्लॅब पडू दे, मग बघू. बोअरला पाणी लागलं, स्लॅबही पडला. मग मीच त्याला न विचारता त्याचा बायोडाटा केला. फोटो माझ्याच मोबाईलमधला, कुणाच्या तरी वरातीतला, शेजारच्यांना कापून काढलेला. 'अपेक्षा' ह्या रकान्यात मी माझ्या मनानं 'अनुरूप' असं टाइप केलं आणि कागद पाच-सहा ग्रुपवर सोडून दिला. मला वाटलं, उपकार करून राहिलो.

आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडून एक स्थळ आलं. पोरगी शिकलेली, शांत, घर शेतकऱ्याचंच. औंढ्याला देवळात बघायचं ठरलं. आमच्याकडं हल्ली बरेच जण तिथंच भेटतात, कुणाच्या घरी मांडामांड नको. त्या दिवसाचं मला सगळं तुकड्यातुकड्यानं आठवतं. उन्हातून आत आल्यावर पायाखाली गार लागलेला दगड, बेलाचा वास, कुठून तरी सारखी येणारी घंटा. बाया एकीकडं बोलत होत्या, गडी एकीकडं. दोस्त भिंतीवरच्या कोरीव दगडावर हात ठेवून उभा होता, आणि कुणी काही विचारलं की नुसता मान हलवायचा. मुलीनं त्याच्याकडं दोनदा पाहिलं. त्यानं एकदाही पाहिलं नाही.

आमच्यात नवरदेवाला पसंती तोंडानं सांगावी लागत नाही. पोरगं गप बसलं म्हणजे त्याला मान्य आहे, असंच धरतात. परत येताना जीपमध्ये त्याचे चुलते म्हणाले, "पोरगं गप हाये, म्हंजे पसंत हाये." सगळे हसले, मीही हसलो. तो खिडकीतून बाहेर बघत होता. पंधरा दिवसांनी सुपारी फोडायची ठरली.

ते हळदीचे दिवस होते. त्याच्या शेतात हळद शिजवायचा कुकर लागला होता, म्हणजे चुलाणावर ठेवलेले मोठाले लोखंडी ड्रम, त्यात वाफेवर ओली हळद शिजते. पहाटेपासून वाफ निघत राहायची आणि शेतावर खाली खाली तरंगायची. माणसं कमरेपर्यंत वाफेत हिंडायची, वरचं अर्धं अंगच तेवढं दिसायचं. शिजत्या हळदीला गोडसर, मातीचा वास येतो. तो डोक्यात शिरला की माणूस जागा असून नसल्यासारखा होतो. शिजलेली हळद रानात पसरलेली, नजर जाईल तिथवर पिवळं. डोळे मिटले तरी आत पिवळंच दिसायचं.

अशाच एका दुपारी मजूर जेवायला गेले होते आणि आम्ही दोघं लिंबाखाली आडवे पडलो होतो. मला झोप लागत होती. तो म्हणाला, "गड्या, ती सोयरीक मोड."

"काहून? पोरगी आवडली न्हाई का?"

"पोरगी चांगली हाये. मलाच पोरी आवडत न्हाईत."

मी डोळेसुद्धा उघडले नाहीत. म्हणालो, सगळ्यांना आधी असंच वाटतं, एकदा अक्षता पडल्या की होतं बराबर. तो कुशीवरून उताणा झाला. मग वर लिंबाकडं बघत, हळू, पण एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तुला समजलं न्हाई. मला गडी आवडतात. नववीत व्हतो तवापासून मला ठाऊक हाये. मोबाईलवर त्याला गे म्हणतात. आजपोत्तर कुणालाच सांगितलं न्हाई, तुलाच सांगून राहिलो."

आता इथं मी शहाण्यासारखं काही बोललो असतो तर किती बरं झालं असतं. पण मी उठून बसलो आणि जे तोंडाला आलं ते बोलत गेलो. म्हणालो, हे शहरातलं फॅड आहे. तो म्हणाला, "मी कोणतं शहर पाहिलंय? नांदेडच्या पुढं गेलो न्हाई." मी म्हणालो, डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला, "काय दुखतं म्हणून सांगू?" मग मी सगळ्यात नालायक प्रश्न विचारला. माझ्याबद्दल तर तुझं काही नाही ना, असं. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तुझं थोबाड पाहिलंय का आरशात?" हसलाही. पण ते हसू लगेच गेलं, आणि मी म्हणालो, "लग्न करून टाक, कुणाला कळतंय." तेव्हा त्यानं पाठ फिरवली. मजूर परत आले, वाफ पुन्हा सुरू झाली, आणि मी गाडीला किक मारून निघून आलो.

दोन दिवस मी तिकडं फिरकलो नाही. मला राग आला होता, आणि कशाचा आला होता ते माझं मलाच सांगता येत नव्हतं. बहुतेक ह्याचाच, की इतकी वर्षं मी सगळ्या जिल्ह्याची आजोळं पाठ करत बसलो आणि माझ्या बाकावर बसलेल्या पोराचं मला काही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. फाईल शोधता शोधता त्याचा बायोडाटा उघडला. वरातीतला कापलेला फोटो, आणि खाली 'अपेक्षा: अनुरूप'. त्याची अपेक्षा काय, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं. शटर अर्धं खाली ओढून मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, लपवायचं काय त्यात.

मग गेलो. तो दाताळ्यानं वाळती हळद उलटून राहिला होता. मी दुसरं दाताळं घेतलं आणि शेजारच्या पट्ट्यात चालू लागलो. सुकत आलेली हळद दाताळ्याखाली खळखळ वाजते. पट्ट्याच्या टोकाला गेल्यावर म्हणालो, "माझं चुकलं."

"लई चुकलं," तो म्हणाला.

"आता मी माझ्या मनानं काही करणार न्हाई. तुला काय पाहिजे ते सांग, तेवढंच करीन."

त्यानं ते बहुतेक आधीच ठरवून ठेवलं होतं. सोयरीक मोडायची, पण पोरीच्या नावाला काडीचा बट्टा लागता कामा नये. "तिनं माझं काय वाकडं केलं? माझ्याशी लगीन करून ती जलमभर रडंल, आन का रडती ते तिला कळणार बी न्हाई." आणि हे कुणाला सांगायचं नाही, माझ्या बायकोलाही नाही. घरी तो स्वतः सांगेल, जमेल तेव्हा. नुसतं नाही म्हणून टाक की, असं मी म्हणालो. तर तो म्हणाला, "दोनदा म्हणलो. बापानं जेवण सोडलं. काका म्हणले, पोरीत खोट असंल तर सांग. आता न्हाई म्हणलो तर ते तिच्यातच खोट काढतील."

मग आम्ही कारणं शोधू लागलो. पुढचे दोन-तीन दिवस आठवले की अजून ती पिवळी गुंगी चढते. दाताळी ओढायची, लिंबाखाली पडायचं आणि खोटं रचायचं. मुलगा पितो म्हणावं, तर त्याच्या बापाची मान खाली जाते. पत्रिका जुळत नाही म्हणावं, तर दोन्हीकडच्यांनी पत्रिका बघून ठेवलेली. एकेक कारण काढायचं, आणि ते कुणाला तरी लागायचंच. शेवटी माझाच धंदा कामाला आला. मला आठवलं, मुलीची आई रांगती असतानाच मुलीची आजी वारली होती. त्या आजीचं माहेर कुठलं, हे त्या घरात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. बायोडाटात तो रकाना कोराच होता, आणि मी तो तसाच जाऊ दिला होता.

"तुझ्या आईची आई आन तिची आजी चुलत बहिणी व्हत्या, असं म्हणू," मी म्हणालो. म्हणजे दोघांच्या आया मावसबहिणी, आणि हे दोघं बहीणभाऊ. आमच्यात बहीणभावाचं लग्न होत नाही. शंका आली तरी सुपारी थांबते, आणि कुणाच्याच नावाला काही लागत नाही. खापर फुटलं तर मध्यस्थाच्या डोक्यावर. आजोळ न तपासता सोयरीक जमवणारा मध्यस्थ म्हणजे आमच्याकडं हसण्याचाच विषय.

"तुझं दुकान बसंल," तो म्हणाला.

"झेरॉक्स तर काढतीलच ना लोक."

"आन माझी आई? तिला तिच्या आईचं माहेर ठाऊक असंल की."

हा धोका होताच. पण आम्ही धरून चाललो, म्हातारीला जाऊन वीस वर्षं झाली, चुलत बहिणी कोण किती लक्षात ठेवतं. काकू फार तर म्हणतील, असंल बाबा. त्याच्या आईला मी काकूच म्हणतो.

ठरल्या दिवशी सकाळी त्यांच्या ओसरीवर बसलो. त्याचे वडील, त्याचे चुलते, तो खांबाला टेकून, आणि काकू उंबऱ्यात सुपात हळकुंडं निवडत.  मी एका दमात सगळं सांगून टाकलं. माझ्या हातून तपासायचं राहिलं, काल एका जुन्या माणसाकडून कळलं, असं असं नातं निघतंय. चुलते ताडकन उठले. "तुला अक्कल हाये का? आख्ख्या गावाला पेढे वाटायचे बाकी ठेवले आमी," असं बरंच काही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. शेवटी त्याचे वडील उंबऱ्याकडं वळले. "काय गं, खरं हाये का हे? तुझ्या आईला तिकडं दिलेली चुलत बहीण व्हती?"

काकूंनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग खांबाकडं, त्याच्याकडं पाहिलं. हातातलं हळकुंड सुपात टाकलं आणि म्हणाल्या, "व्हय. व्हती. लई लांब दिली म्हणून आई तिच्या लग्नात रडली व्हती. माझ्याच ध्यानात राह्यलं न्हाई."

झालं. सोयरीक मोडली. चुलते मला शिव्या देत गेले आणि आम्ही दोघं शेतात येऊन एकमेकांकडं बघत बसलो. खोटं बोलायला गेलो आणि खरंच निघालं की काय? दोस्त म्हणाला, "गड्या, म्हंजे ती खरंच माझी बहीण लागती?" आम्हाला हसू आवरेना, आणि अंगावर काटाही आला. मी गोरेगावकडं फोन केला. मुलीच्या आईला वाईट वाटायचं सोडून आनंदच झाला. तिला चेहराही न आठवणाऱ्या आईचं माहेर सापडलं होतं. तिनं मला पुन्हा पुन्हा विचारलं, माझी आई कशी होती म्हणतात, उंच होती का, गोरी होती का.  ह्या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

दुकानाचं म्हणाल तर बायोडाटावाले महिन्याभरात पांगले. रस्त्यानं जाताना लोक विचारायचे, काय, आज कुणाची बहीण कुणाला दिली? मी म्हणायचो, तुमच्यापर्यंत येऊनच राहिलो.

सुपारीची ठरलेली तारीख उलटून गेली, हळद वाळून पॉलिशला गेली. एका दुपारी काकू एकट्याच दुकानात आल्या. आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे म्हणाल्या. मी काढून दिली. त्यांनी ती घडी घालून पिशवीत ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"माझ्या आईचा बाप एकटाच व्हता," त्या म्हणाल्या. "त्याला भाऊ न्हाई, चुलता न्हाई. माझ्या आईला चुलत बहीण कुठून येणार?"

 बाहेरून ट्रक गेला, दुकानाच्या काचा थरथरल्या. काकू शांत होत्या. म्हणाल्या, "औंढ्याला मी त्याचं तोंड पाहिलं. तवाच समजलं, ह्याला हे नको हाये. काहून नको, ते ठाऊक न्हाई. तुमी दोघांनी एवढं खोटं रचलं, म्हंजे खरं लई जड असंल. पर पुढच्या वर्षी दुसरी सोयरीक येईल, तवा काय करशील? किती आज्या काढशील?"

"काकू, मला सांगता येणार न्हाई. मी शबूद दिलाय."

"तुला कोण इचारतंय? एवढंच सांग. मला सांगायचं भ्या वाटतं का त्याला?"

मी म्हणालो, व्हय. त्यांनी पदरानं नाक पुसलं. मग म्हणाल्या, "आज दिवस मावळायला जेवायला ये. घरचे गडी परगावी चाललेत बारशाला. तू बाजूला बसलास तर बोलंल तो."

मी त्याला जाऊन सगळं सांगितलं. तुझ्या मनात नसेल तर मला ताप आला म्हणून कळवतो, असंही म्हणालो. तो खूप वेळ पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसला. मग म्हणाला, "ये जेवायला."

संध्याकाळी अंगणात काकू चुलीवर भाकरी करत होत्या. उजेड तांबूस होऊन हळूहळू विरत होता, गावावर धुराचा पातळ थर आला होता. माणसं, झाडं, जनावरं, सगळं लांब लांब वाटत होतं. तो आईसमोर बसला, मी त्याला खेटून. त्यानं जे मला लिंबाखाली सांगितलं तेच सांगितलं. फक्त ह्या वेळी आवाज कापत होता, म्हणून मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काकूंची भाकरी तव्यावर करपली. त्यांनी ती उलटली नाही.

"हे दुखणं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई आई."

"लगीन केल्यानं जाणारं न्हाई?"

"न्हाई."

"मंग म्हातारपणी तुझ्याजवळ कोण राहील रं?"  काकू करपलेल्या भाकरीकडं बघत राहिल्या. मग अगदी हळू विचारलं, "जिवाचं काही वाईट करणार न्हाईस ना तू?"

 माझा हात त्याच्या पाठीवर होता, तिथं त्याचा श्वास थांबलेला मला कळला. मला वाटत होतं मला त्याचं आता सगळं ठाऊक झालंय. मग तो म्हणाला, "आता न्हाई."

काकू उठल्या. घरात गेल्या, पेटीचं झाकण वाजलं, आणि त्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काही तरी छातीशी धरून बाहेर आल्या. लुगडं अंगणात सोडलं. फवारणीच्या औषधाच्या बाटल्या होत्या, सात की आठ, काही सीलसुद्धा न फोडलेल्या. "दोन वरसं झाली," त्या म्हणाल्या. "तुझा बाप आणायचा, मी उचलून पेटीत घालायची. त्याला वाटतं चोर येतो. एकेक रात तुझ्या खोलीच्या दाराला कान लावून काढली मी." त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले, पुन्हा चुलीपाशी बसल्या आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

"वांग्याला कीड लागलीया. ह्यातलं जे चालंल ते उद्या मार," त्या त्याच्याकडं न बघता म्हणाल्या. "आन रिकाम्या बाटल्या मला आणून दाखव."

"दाखवतो," तो म्हणाला.